गार चहाचा खलबत्ता

मी एक जुना खलबत्ता आहे. दगडी नाही आणि पितळेचाही नाही. मी स्टीलचा आहे, आणि मला कुठल्याही दुकानातून विकत आणलेले नाही. ज्या माणसाच्या चहासाठी मी आयुष्यभर वेलची कुटली, त्यानेच मला आपल्या हाताने घडवले. मित्रांनो, त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला माझी गोष्ट सांगता येणार नाही.

ठाण्यात कोलशेतला एक लहान कारखाना होता. तिथे पोपटराव धातू कातायच्या लेथ मशीनवर काम करायचे. त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. मालनबाई गावाहून नव्याने आल्या होत्या आणि घरात भांडीही मोजकीच होती. चहात टाकायचे आले त्या पोळपाटावर ठेवून तांब्याच्या बुडाने ठेचायच्या. एकदा त्यांचे बोटच चेंगरले. दुसऱ्या दिवशी पोपटरावांनी कारखान्यातल्या सहदेव फोरमनला विचारले, "दादा, स्टीलच्या त्या जाड बारचा तुकडा भंगारात जाणार आहे ना? मी घेऊ?"

"काय करणार त्याचं?"

"घरी जरा काम आहे."

सहदेव हसले आणि त्यांनी होकारार्थी मान हलवली. त्यानंतर दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत पोपटरावांनी डबा घाईने संपवला आणि मला मशीनवर चढवले. चकचकीत कीस निघू लागला. माझे पोट कोरले गेले, तळ गोल झाला. उरलेल्या बारीक तुकड्याचा बत्ता झाला. हाताला आले-लसणाचा ओलावा असला तरी तो निसटू नये म्हणून पोपटरावांनी त्याच्या मुठीवर जाळीसारख्या बारीक खाचा पाडल्या. संध्याकाळी त्यांनी मला रुमालात गुंडाळून घरी नेले आणि ओट्यावर ठेवले.

"याला गंज लागायचा नाही," एवढेच ते म्हणाले.

मालनबाईंनी मला दोन्ही हातांनी उचलले, वजन पाहिले, आणि लगेच चहाचे आधण ठेवले.

तेव्हापासून माझी पहाट त्या घराच्या आधी उजाडू लागली. पोपटरावांची पहिली पाळी असे. आले, वेलची, दोन लवंगा, चार मिरे, दालचिनीचा एक तुकडा, असे सगळे माझ्यात पडायचे. चहा उकळून वर आला की त्याचा वास जिन्यापर्यंत जायचा. शेजारच्या बायका विचारायच्या, "मालन, मसाला कुठला गं तुझा?" मालनबाई माझ्याकडे बोट दाखवायच्या. मला त्याचा अभिमान वाटायचा. मुलगी झाली, तिचे नाव शिवानी ठेवले. ती चालायला लागली तेव्हा बत्ता घेऊन घरभर फिरायची आणि पोपटराव तिच्या मागे मागे, तो तिच्या पायावर पडू नये म्हणून. वीस-बावीस वर्षे अशीच गेली. कारखाना बंद झाला, पोपटरावांनी दुसरीकडे काम धरले. शिवानी शिकली आणि ठाण्यातच एका ऑफिसात नोकरीला लागली.

मग एका सकाळी पोपटराव म्हणाले, "आज मिरे नको टाकूस."

मालनबाईंनी मिऱ्याची बाटली परत ठेवली. त्यांना वाटले, पित्त झाले असेल. महिन्याभराने लवंग बंद झाली, नंतर आलेही बंद झाले. पोपटराव चहाची कपबशी घेऊन गॅलरीत जायचे आणि चहावर साय धरेपर्यंत तसेच बसायचे. मित्रांनो, माझ्यात काय पडते आणि काय पडायचे थांबले, हे माझ्याइतके कोणाला कळणार? मला सगळे कळत होते. सांगता मात्र काहीच येत नव्हते.

कारखान्यात लागलेली तंबाखूची सवय पोपटरावांना सोडता आली नव्हती. गालाच्या आत एक फोड आला होता आणि तो बरा होत नव्हता. ते त्यांनी सहा महिने लपवले. शेवटी एका रविवारी जेवताना त्यांचा घास अडला, डोळ्यांत पाणी आले, आणि शिवानीने मोबाइलचा टॉर्च लावून म्हटले, "पप्पा, तोंड उघडा." त्यांनी उघडले. तिने टॉर्च बंद केला.

मग दवाखाने सुरू झाले. ऑपरेशन झाले, गालाचा आणि जबड्याचा काही भाग काढला. पुढे दीड महिना रोज किरणांचे उपचार. पोपटराव घरी आले तेव्हा मी त्यांना आवाजावरून ओळखले नाही, पावलांवरून ओळखले. डॉक्टरांनी सांगितले होते, गरम नको, तिखट नको, गार आणि पातळ चालेल. त्यांच्या तोंडाला गरम वाफसुद्धा सोसत नव्हती.

त्या दिवसापासून घरात चहा झाला नाही. कोणी तसे ठरवले नव्हते. मालनबाई शेजारी जाऊन उभ्याउभ्या कप संपवायच्या आणि पदराने ओठ पुसून घरी यायच्या. शिवानी ऑफिसातच प्यायची. मला ओट्यावरून उचलून खालच्या कपाटात ठेवले, म्हणजे मी पोपटरावांच्या नजरेस पडायला नको. पण पोपटराव बिछान्यात पडून सगळे पाहत होते. एके दिवशी ते अडखळत म्हणाले, "मालन, घरात चहाचा वास येत नाही. मी अजून आहे ना गं घरात?"



शिवानीने ते ऐकले. तिच्या ऑफिसातली मैत्रीण रुचिता तिला एकदा खालच्या कॅफेत घेऊन गेली होती. तिथे उंच ग्लासात बर्फ घातलेला मसाला चहा मिळायचा, वर दुधाचा फेस. तेव्हा शिवानीला तो चहा म्हणजे थेरच वाटला होता. आता तिने डॉक्टरांना फोन करून विचारले. ते म्हणाले, "गार असेल, तिखट मसाला नसेल, तर हरकत नाही. नीट गाळून द्या."

त्या शनिवारी कपाटाचे दार उघडले आणि माझ्यावर उजेड पडला. शिवानीने माझ्यात फक्त वेलची, चिमूटभर बडीशेप आणि दालचिनीचा लहानसा तुकडा टाकला. पहिल्यांदा तिने नेहमीसारखा चहा करून त्यात बर्फ घातला. बर्फ विरघळला आणि चहा नुसते रंगीत पाणी झाला. दुसऱ्या वेळी तिने थोड्याच पाण्यात भरपूर चहा पावडर आणि मसाला घालून कडक अर्क काढला, झाकून ठेवला, मग सुती फडक्यातून दोनदा गाळला. वेलचीचा एखादा कण राहिला असता तर तो पोपटरावांच्या गालाला काट्यासारखा टोचला असता. अर्धा अर्क तिने बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवला. म्हणजे बर्फही चहाचाच. विरघळला तरी चहा पातळ होणार नव्हता. गार दूध झाकणाच्या बरणीत घालून तिने ती जोरजोरात हलवली, तेव्हा दुधाला फेस आला. ग्लासात तपकिरी बर्फ, त्यावर दूध, त्यावर हळूच सोडलेला अर्क, आणि सगळ्यात वर फेस. चहा दुधातून धुरासारखा खाली उतरत होता.

"पप्पा, याला लाटे म्हणतात."

"लाटे? त्यात लाटायचं काय?" पोपटराव म्हणाले. कित्येक आठवड्यांनी त्या घरात कोणीतरी हसले.

त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा. मालनबाई डोळ्यांनी खुणावत होत्या, चांगला आहे म्हणा. पण पोपटरावांना मुलीशी खोटे बोलता येत नसे.

"शिवानी, चव लागत नाही गं. पाणी प्यायल्यासारखं वाटतंय. तुझी चूक नाही, माझी जीभच गेली."

शिवानी ग्लास घेऊन आत आली आणि ओट्याला टेकून रडली. मी शेजारीच होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता पोपटराव भिंतीला धरून स्वयंपाकघरात आले. त्यांनी मला पुढे ओढले, वेलचीचे दोन दाणे टाकले आणि बत्ता हातात घेतला. आपणच पाडलेल्या खाचांवरून त्यांचा अंगठा फिरला. चार-पाच ठोके झाले. मग त्यांनी मला उचलून नाकाशी धरले आणि डोळे मिटले.

"येतोय," ते म्हणाले. "वास येतोय, मालन."

तेव्हापासून रोज चार वाजता मसाला पोपटरावच कुटायचे. आधी मला नाकाशी धरायचे आणि नंतर तो गार चहा प्यायचे. चव लागत नव्हती, ती वासावर भागवायचे. आणि मित्रांनो, तिसऱ्या महिन्यात एक दिवस त्यांनी घोट घेऊन तोंड वाकडे केले. शिवानी घाबरली.

"काय झालं पप्पा? दुखतंय?"

"साखर जास्त पडलीये."

मालनबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणे खाली ठेवले आणि पदर डोळ्यांना लावला. मी आयुष्यात पुष्कळ कौतुक ऐकले होते, पण इतके गोड वाक्य त्या घरात कधीच कोणी बोलले नव्हते. पुढच्या रविवारी रुचिता मुद्दाम घरी आली. ग्लास संपवून म्हणाली, "काका, आमच्या कॅफेवाल्याला तुमच्याकडे शिकायला पाठवायला पाहिजे." पोपटरावांनी माझ्यावर हात ठेवला. "त्याच्याकडे हे मशीन कुठेय?"

ते चार महिने आमचे होते.

दिवाळीनंतर त्यांच्या मानेवर गाठ आली. डॉक्टरांनी शिवानीला एकटीलाच आत बोलावले. ती घरी आली तेव्हा तिने चेहरा धुतलेला होता. डिसेंबरातल्या एका मंगळवारी पोपटरावांनी नेहमीसारखा मसाला कुटला, अर्क गाळला आणि स्वतःच ट्रे भरायला घेतला. थोडा अर्क ओट्यावर सांडला. तो त्यांनी फडक्याने पुसला, ट्रे फ्रीजरमध्ये सरकवला आणि म्हणाले, "उद्याची सोय झाली." सकाळी त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. अकरा दिवसांनी शिवानी आणि मालनबाई दोघीच परत आल्या.

घर पाहुण्यांनी भरले. भिंतीवर फोटो लावायचा होता आणि हातोडी कोणाला सापडेना. कोणीतरी माझा बत्ता उचलला आणि त्यानेच खिळा ठोकला. ज्यांच्या हातांनी मला घडवले, त्यांच्या फोटोचा खिळा माझ्याच बत्त्याने ठोकला गेला. बत्त्याच्या टोकाला एक बारीक खड्डा पडला तो आजही आहे. नंतर मला पुन्हा खालच्या कपाटात ठेवले. शेजारी रिकाम्या बाटल्या होत्या. कोणी दार उघडले तरी ते माझ्यासाठी नसायचे.

पाहुण्यांमधल्या एकीने फ्रीजर आवरताना विचारले, "हा काळा बर्फ कसला? टाकून देऊ?"

"त्याला हात लावू नका," मालनबाई म्हणाल्या. त्यांनी फ्रीजरचे दार स्वतः लावले.

महिने गेले. फ्रीज साफ करायचा असला की मालनबाई तो ट्रे टॉवेलात गुंडाळून शेजारच्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवून यायच्या आणि काम झाले की परत आणायच्या. तो ट्रे तिथे आहे हे मालनबाई आणि शिवानी दोघींना ठाऊक होते आणि तेवढेच पुरेसे होते.

मे महिन्यात आमच्या गल्लीतला विजेचा ट्रान्सफॉर्मर जळाला. सकाळी गेलेली वीज दुपारपर्यंत आली नाही. शेजाऱ्यांच्याही घरी वीज नव्हती. मालनबाई दोनदा फ्रीजजवळ गेल्या आणि दार न उघडताच परत आल्या. तिसऱ्यांदा त्यांनी उघडले. ट्रेमध्ये पातळ तपकिरी चहा हलत होता.

शिवानी धावत आली. "आई, मी बर्फ आणते दुकानातून. वर ठेवला तर वाचेल, परत गोठेल."

"नको," मालनबाई म्हणाल्या. "ग्लास काढ दोन."

त्यांनी ट्रे तिरका करून चहा दोन ग्लासांत सारखा ओतला. दोन-दोन घोट झाला असेल. दूध नाही, फेस नाही. दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि तो संपवला.

"कडू झालाय थोडा," शिवानी म्हणाली.

"होऊ दे."

मग मालनबाईंनी ट्रे धुतला आणि ओट्यावर उपडा ठेवला. कपाट उघडून मला बाहेर काढले, फडक्याने आतून पुसले. त्या दिवशी त्यांनी माझ्यात काही कुटले नाही. पण मला पुन्हा आत ठेवलेही नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी मी काही मागत नाही. माझी नीट निगा ठेवा, असेही म्हणत नाही. मी स्टीलचा आहे, मला काही होत नाही. एवढेच सांगतो की तुमच्या घरात कोणी आपली आवडती गोष्ट हळूच पानातून बाजूला सारू लागले, "आज नको" म्हणू लागले, तर ते पित्त असेल, वय असेल, असे समजून पुढे जाऊ नका. त्याच दिवशी जवळ बसा आणि विचारा. उत्तर मिळाले नाही, तर पुन्हा विचारा. मी रोज त्यांच्या हाताशी होतो आणि मला विचारता आले नाही. तुम्हाला येते.