आमदारांना बसवणारी घंटी

मित्रांनो, जिने आयुष्यभर डोक्यावर टपल्या खाल्ल्या, अशी मी एक जुनी पितळी घंटी आहे. देवळातल्या घंटेसारखा माझा मान नाही. मी टेबलावर बसते. माथ्यावरच्या खुंटीवर बोट मारलं की माझ्या पोटातली स्प्रिंग दबते आणि मी 'टिंग' म्हणते. एवढंच माझं शिक्षण.

माझा जन्म छत्तीसगडातल्या दुर्गच्या जुन्या बाजारातला. कारागीर वाट्या बनवत होता. त्यातली एक वाटी त्याने उपडी घातली, खाली स्प्रिंग बसवली, आणि मी घंटी झाले. वाटी झाले असते तर रोज वरण मिळालं असतं. पण भिलाईच्या मराठी मंडळाचे शामराव बाजारात आले, त्यांनी मला तीनदा वाजवून पाहिलं आणि पिशवीत घातलं.

शामराव तेव्हा स्टील प्लांटात होते. शिफ्ट संपवून आले की मंडळाचं काम करत. मंडळाचा एक नियम होता आणि तो सगळे पाळत. स्टेजवर लहान चढो की मोठा, त्याने पाच मिनिटं बोलायचं. पहिली घंटी झाली की आवरतं घ्यायचं, दुसरी झाली की बसायचं. गणपतीत पोरांच्या भाषणाच्या स्पर्धा होत. पोरं भाषण विसरत, पण मला विसरत नसत. बोलताना त्यांचा एक डोळा माझ्याकडेच असे. ती माझी ऐट होती, मित्रांनो! दर दसऱ्याला शामराव मला चिंचेने घासत आणि माझ्यात स्वतःचं तोंड बघून मिशी नीट करत.

मग घरोघरी मोबाइल आले. त्यात घड्याळ आलं, घड्याळात गजर आला. मी कपाटात गेले. तिथे उदबत्तीचे रिकामे पुडे आणि एक मोडका कॅरम एवढाच माझा शेजार. माझ्यावर हिरवा थर चढला. आता भंगारात जाऊ, असं मी मनाशी धरून बसले होते.

पण एके दिवशी कपाट उघडलं. ते शामरावांनी उघडलं होतं आणि त्यांच्यामागे तुळसाबाई उभ्या होत्या. प्लांटाच्या सेक्टरातलं क्वार्टर सोडून रिटायर लोकांनी जी वस्ती केली, तिथे त्या राहतात. त्यांच्या दारासमोरच्या नालीवरचा स्लॅब पडला होता. येण्याजाण्यासाठी लोकांनी एक फळी टाकली होती. तुळसाबाई त्या फळीवरून येत-जात, पण त्यांचे यजमान बळीराम काठीवर चालतात. स्लॅब पडल्यापासून ते गल्लीबाहेर आले नव्हते. दारात खुर्ची टाकून बसत आणि नालीपलीकडच्या जगाकडे बघत.

"शामरावभाऊ, उद्या विधायकजी येऊन राहिले ना?" तुळसाबाई म्हणाल्या.

"हो जी. रायपूरले अधिवेशन सुरू हाय. मधात सुट्टी पडली, तं आतापर्यंत काय काय केलं ते सांगाले येऊन राहिले."

"मांगच्या डावी बी आले होते. बोलले, बोलले, अन् गाडीत बसले. माणसानं इचारावं कधी? घंटी काढा."

"अवो, विधायकावर घंटी कशी वाजवू? सभ्य दिसते काय ते?"

"पोरायवर वाजवता तवा सभ्य दिसते?"

शामरावांनी चिंच भिजवली.

दुसऱ्या दिवशी आमदार अमरदीपजी आले. "माझ्या मराठी भाऊ-बहिणींनो" एवढं मराठीत म्हणून ते हिंदीत शिरले. त्यांच्या 'प्राथमिकता', म्हणजे आधी करायची कामं, सात होत्या. पहिली रोजगार, दुसरी शिक्षण. तिसरीवर ते सदनात कसे गरजले, ते त्यांनी गरजूनच दाखवलं. "मैंने मंत्रीजी से कहा, गोलमोल मत बोलिए, हाँ या ना में जवाब दीजिए! और मंत्रीजी क्या बोले? 'जानकारी एकत्रित की जा रही है!' बताइए, ये कोई जवाब है?"

पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली. शामरावांचं बोट माझ्यावर येई आणि परत जाई. शेवटी पुढच्या रांगेतल्या तुळसाबाईंनी हात लांब करून मला उचललं आणि टपली मारली.

टिंग!

रांगेतली माणसं खुर्च्यांत खाली सरकली. अमरदीपजी मात्र शामरावांकडे वळले, मान लववली आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, बस एक मिनट, समाप्त कर रहा हूँ."

टिंग!

आणि ते बसले. खरंच बसले! सदनातही अध्यक्षांची घंटी झाली की बसायचं असतं; ती सवय, दुसरं काय. खुर्चीला पाठ टेकल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण भिलाईत आहोत. पण एकदा बसल्यावर लगेच कसं उठणार?

तेवढ्यात तुळसाबाई उभ्या राहिल्या. "साहेब, आमच्या दारातला स्लॅब पडला. मायावाला बुढा घरात कोंडून राहिला. स्लॅब टाकून देता काय?"

"देखिए माताजी, बुनियादी सुविधा हमारी सातवीं..."

"हो का नाई?"

"इसमें ऐसा है, जानकारी एकत्रित..."

पुढचं हशात बुडालं. बायका पदरात तोंड घालून हसल्या. अमरदीपजींनी कपाळाला हात लावला आणि तेही हसले. "हाँ, माताजी. हाँ."

"कधी?"

"सत्र समाप्त होते ही..."

टिंग!

"अच्छा, चलिए. अभी दिखाइए."

तुळसाबाई तशाच निघाल्या. मला परत टेबलावर ठेवायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही, म्हणून पुढचं मी त्यांच्या मुठीतून पाहिलं. अमरदीपजींनी फळीवर पाय ठेवला. फळी लचकली आणि त्यांची एक चप्पल नालीत गेली. पलीकडून बळीराम ओरडले, "दुसरीबी काढून ठेवा साहेब, वाचंल तरी!"

अनवाणी आमदारांनी तिथूनच फोन लावले. अधिवेशन संपायच्या आत नालीवर नवा स्लॅब टाकून झाला.

त्यानंतरच्या कार्यक्रमाला बळीराम काठी टेकत मंडळात आले. आभाराचे दोन शब्द बोलतो म्हणाले आणि प्लांटातल्या पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लोक चुळबुळ करू लागले. नियम तो नियम, म्हणून शामरावांनी बोट उचललं.

तुळसाबाईंनी चटकन माझ्यावर तळहात ठेवला. "राहू द्या भाऊ. लय दिवस नालीसंगच बोलले ते."

मित्रांनो, तुमच्या कपाटात माझ्यासारखं कोणी पडलं असेल, तर त्याला बाहेर काढा, चिंच लावून घासा आणि कामाला लावा. मोठ्यांपुढे वाजवायला भिऊ नका. पण कोणावर वाजवायचं नाही, हेही शिका. त्या दिवशी त्या खरखरीत, ऊबदार तळहाताखाली मी गप्प बसले होते आणि बळीराम बोलत होते.