गेल्या साली आला होता

जोतीराम सोंगाड्या आता खरोखर कंटाळला होता. लोक हसत नव्हते असं नाही, पोट धरून हसायचे; पण हसून झालं की चुका काढायचे. रहिमतपूरजवळच्या या गावात दर जत्रेला त्याचा फड एकच वग लावायचा. भांडखोर सासू, तिच्यावर कडी करणारी सून आणि शेवटी पलटणीतून घरी येऊन दोघींच्या कात्रीत सापडलेला मुलगा. सासू जोतीरामच व्हायचा. अर्धं आयुष्य नऊवारी नेसून लोकांना हसवणारा माणूस दमेल नाही तर काय करेल?

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचेखाली गावापुढं हजेरी लावायचा रिवाजाचा खेळ सुरू झाला आणि पेन्शनीत निघालेल्या हवालदार दादासोंनी तोंड उघडलं.

"जोतीराम, गेल्या साली म्हस इकली व्हतीस की रं! औंदा धार कुनाची काढतुयास?"

"परत घेतली जी."

"आन् पोरगा बसऱ्याला व्हता. आता म्हंतोस ब्रह्मदेशात. चालत गेला काय त्यो?"

माणसं खदाखदा हसली. जोतीरामनं पदर सावरून हात जोडले. माझ्या घरी चूल पेटते का हे कधी कुणी विचारलं नाही, पण वगातल्या म्हशीची काळजी वर्षभर वाहतात लेकाचे, असं त्याच्या मनात आलं.

खरी अडचण वेगळीच होती. मुलाचं काम करणारा अर्जुना दिवाळीतच कोल्हापूरला सिनेमात नशीब काढायला पळाला होता आणि नवा गडी मिळाला नव्हता. म्हणून जोतीरामनं यंदा मुलाचं घरी येणंच वगातून काढून टाकलं. सासू-सुनेनं एकमेकींच्या झिंज्या धरल्या, ढोलकीनं तोडा वाजवला, वग संपला.

तेवढ्यात बायकांतून अंबूबाई उठून उभी राहिली. तिचा एकुलता एक मुलगा लढाईवर गेला तो गेलाच. बाकीचे परत आले. सरकार तो मेला असंही म्हणेना आणि आहे असंही म्हणेना. हे जोतीरामलाही ठाऊक होतं.

"आवं बाई," ती त्या सोंगालाच म्हणाली, "तुमचा पोरगा गेल्या साली आला व्हता. त्याच्या आदल्या सालीबी आला व्हता. औंदा काय झालं त्याला?"

अर्जुना पळाला, एवढंच सांगायचं होतं. पण जोतीराम डोक्यावरचा पदर उगाच पुढं ओढत राहिला. आपण हे काय करून बसलो, असं त्याला झालं.

"चुकलं जोतीरामचं, अंबूबाई," दादासो म्हणाले. उठून त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि थेट चिंचेखाली येऊन उभे राहिले. मिश्या पांढऱ्या, वयानं जोतीरामहून थोरले.

"आये," ते म्हणाले, "आलो गं. रजा मिळाली."

कुणी हसलं नाही. जोतीरामनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि भर हजेरीत तो रडू लागला. वगात हे नव्हतं.

अंबूबाई पुढं आली. दादासोंना खालवर न्याहाळत राहिली.

"लय बदलला की वो तुमचा पोरगा."

"व्हय, बाई," जोतीराम कसाबसा म्हणाला.

"बदलंना का. लढाईवरनं आल्याली मानसं वळखू येत न्हाईत. मला ठावं हाय." मग तिनं आवाज चढवला, "आवं, रडत काय बसलाय? भाकरी वाढा की त्येला!"