दुसरं कार्ड

सोमेश्वरनं कानावरचा हेडफोन ओढून भिंतीवर आपटला आणि वळून तोच हात मागं उभ्या असलेल्या तृप्तीच्या कानशिलात हाणला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेममधला त्याचा सैनिक उघड्या माळावर एक पाय उचलून थिजला होता. चित्र पुन्हा हललं, तोवर कुणीतरी त्याला गोळ्या घालून त्याची बंदूकही पळवली होती.

"अडकलं परत! बघितलं का? बघितलं का तू?"

तृप्तीनं बघितलं होतं. तिनं हेडफोन उचलला, निघालेला तुकडा खुर्चीखालून शोधला आणि दोन्ही टेबलावर ठेवलं. रडायची सोय नव्हती. रडलं की दुसरी बसते, हे ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती.

टेंभुर्णीच्या बाजारात सोमेश्वरचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. उन्हाळ्यात दुपारचं गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून तो शटर ओढून घरी यायचा आणि जेवणाचा हात वाळायच्या आत कॉम्प्युटरपुढं बसायचा. मग घरात बंदुका, बाँब आणि मरणाऱ्यांच्या किंकाळ्या. हा कॉम्प्युटर त्यानं कॉलेजात असताना हौसेनं जुळवला होता, तोही आत पडद्यावरचं चित्र पळवणारी दोन-दोन ग्राफिक्स कार्डं घालून. त्या काळी गावात कुणाकडं एकसुद्धा नव्हतं, आणि सोमेश्वरच्या हिशेबात दोन म्हणजे दुप्पट, मग जगानं काहीही म्हणावं. दसऱ्याला शेतीच्या अवजारांबरोबर त्याचीही पूजा व्हायची आणि वाहिलेलं हळदकुंकू पंख्यांतून आत जाऊन बसायचं. दोन्ही कार्डं इतकी तापायची की त्यानं कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजूच काढून समोर पाण्याचा कूलर लावला होता. विजेच्या उघड्या मशीनवर पाण्याची ओल! असला उपाय सुचायलाही डोकं लागतं. वर घरघर अशी, की पिठाची गिरणी बरी.

सोमेश्वरची आई, उषाबाई, आवाज ऐकून दारात आल्या. सुनेचा लाल झालेला गाल त्यांनी पाहिला आणि त्या चिडल्या, पण मशीनवर.

"घेऊन टाक बाबा एकदाचं नवीन. हे धड चालत न्हाई, अन् तुझं डोकं फिरतं. घरात शांती तरी होईल."

"नवीन म्हंजी काय खर्चा येतो, ठाव हाय का माय? अन् ह्यात काय कमी हाय? दोन कार्डं हायेत, दोन!"

महिनाभर घरात हीच चर्चा होती. नवीन घ्यायचं की हेच ओढायचं. तृप्ती जालन्याला कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, तिला विचारावं असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. तिला ठाऊक होतं की हल्लीचे गेम दोन कार्डांना कामाला लावतच नाहीत. एक राबतं, दुसरं बसल्या जागी तापतं आणि पहिल्यालाही तापवतं. हे तिनं एकदा सांगून पाहिलं होतं. त्याचा वळ दंडावर आठवडाभर होता.

तरी आज ती पुन्हा बोलली. कारण तिचं सगळं त्यावर टेकलं होतं. मशीन अडकतं म्हणून हा मारतो; अडकायचं थांबलं की हात थांबेल. माहेरी, केदारखेड्याला, आईनं खोदून विचारलं, तेव्हाही तिनं हेच सांगितलं होतं. माणूस वाईट नाही, मशीन जुनं आहे. एवढ्या एका वाक्यावर तिनं दोन वर्षं काढली होती.

"अहो, नवीन घ्यायच्या आधी एकदा दुसरं कार्ड काढून बघू का? खर्चा काहीच न्हाई."

सोमेश्वरनं तिच्याकडं रोखून पाहिलं.

"करू दे ना तिला," उषाबाई म्हणाल्या. "शिकलेली हाय ती."

"कर. पन बिघडलं तर तुला सोडनार न्हाई."

तृप्तीनं वायर काढली. दोन कार्डांना जोडणारी पट्टी सोडवली, दुसरं कार्ड अलगद उपसून बाजूला ठेवलं. आत हळदकुंकवाचा आणि धुळीचा चिखल वाळून बसला होता. तो तिनं रंगाच्या ब्रशनं खरवडला, डब्याची काढलेली बाजू परत बसवली आणि कूलर खिडकीकडं वळवला. स्क्रू एकही खाली पडू दिला नाही.

मशीन चालू झालं आणि घर एकदम शांत वाटलं. सोमेश्वरनं खेळायला सुरुवात केली. सैनिक धावला, वळला, भिंतीवरून उडी मारून पलीकडं गेला. कुठंही अडकला नाही.

"अरे वा! मक्खन चालून राह्यलं," तो म्हणाला आणि चक्क हसला. "तृप्ते, च्या कर गं."

तृप्ती स्वयंपाकघरात आली आणि तिला आनंद झाला. खुळ्यासारखा आनंद झाला. तिनं चहात आलं जरा जास्तच किसलं. आतून एकामागून एक गोळ्यांचे आवाज येत होते आणि आज तिला त्यांची भीती वाटत नव्हती. नवीन काही घ्यायला नको, आईला पुन्हा खोटं सांगायला नको. इतकं सोपं होतं तर आपण आधीच हट्ट का धरला नाही, असंही तिला वाटून गेलं.

ती कप घेऊन आली तेव्हा खेळातली शेवटची दोन माणसं उरली होती, सोमेश्वर आणि आणखी कुणीतरी. सोमेश्वर एका खिडकीतून नेम धरून बसला होता. मागचं दार त्यानं उघडंच ठेवलं होतं. त्या दारातून तो दुसरा आला आणि त्यानं शांतपणे सोमेश्वरच्या सैनिकाच्या डोक्यात गोळी घातली.

सगळं स्वच्छ दिसलं. चित्र अडकलं नव्हतं, आवाज तुटला नव्हता. चूक कुणाची, तेही पडद्यावर स्वच्छ दिसलं. सोमेश्वरनं डब्यावर एक बुक्की मारली, पण डबा बिचारा सुरळीत चालू होता. आज खापर फोडायला जागाच नव्हती. तो सावकाश मागं वळला.

"तू काहून आली मधी?"

"मी... च्या..."

त्यानं कप उडवला. कढत चहा तिच्या गळ्यावर सांडला. ती ओरडली, तेव्हा त्यानं तिचे केस धरून तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आदळलं, आणि मग आणखी एकदा आदळलं. उषाबाई धावत आल्या, "सोड, सोम्या, मरंल ती," म्हणत त्यांनी त्याचा हात धरला. त्यानं आईला झटकलं आणि खाली पडलेल्या बायकोच्या कमरेत लाथ घातली. मग थांबला. धाप लागली म्हणून थांबला.

"हे मशीनच पनौती हाय," शर्टाची बटणं लावत तो म्हणाला. "उद्याच जालन्याला जातो अन् नवं कोरं आनतो. मंग बराबर चालतं का न्हाई बघा सगळं."

तो दुकानाकडं निघून गेला. उषाबाईंनी सुनेला भिंतीला टेकवून बसवलं, कपाळावर हळद दाबून धरली.

"आत्याबाई," तृप्ती म्हणाली, "आज तर काहीच अडकलं नव्हतं."

 हळद भिजली तशी उषाबाईंनी आणखी दाबली.

"तुझा सासरा बैल बसला की मला मारायचा. मी म्हनायची, बैलच द्वाड हाय. मंग दुसरी जोडी आनली. मंग इहिरीवरची मोटार जळली की मारायचा. मंग ट्रॅक्टर आनला. मीच पाठीस लागून आनायला लावला."

"मंग?"

"मंग काय. मंग ते वारले."

त्या उठल्या. तृप्तीच्या साड्या आणि कागदपत्रं त्यांनी पिशवीत भरली. भराभर, जणू हे काम कैक वर्षांपूर्वीच करायचं राहून गेलं होतं.

भर उन्हात दोघी स्टँडवर आल्या. कपाळ दिसू नये म्हणून तृप्तीनं पदर पुढं ओढून घेतला होता. भोकरदनकडं जाणारी काळीपिवळी जीप भरत होती. शेजारच्या किराणा दुकानातून साहेबराव बाहेर आले. ते सोमेश्वरच्या वडिलांचे मित्र, दोन्ही घरांचा जुना घरोबा.

"सूनबाई कुठं निघाल्या, वहिनी? अन् पदराला रक्त कशाचं? पडल्या का काय?"

पडली, हा शब्द उषाबाईंच्या तोंडात तयारच असायचा. चाळीस वर्षं त्यांनी तो स्वतःसाठी वापरला होता.

"पडली न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या सोम्यानं मारलं तिला. डोकं आपटलं धरून. म्हनून मी तिला माहेरी धाडून राह्यले."

काळीपिवळीतली माणसं बोलायची थांबली. पानाच्या टपरीवरची दोघं-तिघं वळून बघू लागली. साहेबराव जवळ सरकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हळू बोला वहिनी. लोक ऐकून राह्यलेत."

"म्हनूनच तर बोलून राह्यले."

गाडीत चढता चढता तृप्तीनं हे ऐकलं. ती खिडकीपाशी बसली आणि तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला.