तेलाच्या पट्टीची अर्धी साक्ष

"गणपतराव, ही पट्टी खोटं बोलती काय ओ?"

मित्रांनो, हा प्रश्न माझ्याबद्दल होता. तो विचारायची पैज अदिती आणि क्रांतीने पूर्णिमाला लावली होती. दहावीतल्या तिघी गाडीच्या मागच्या सीटवर दाटीवाटीने बसल्या होत्या. "घरात लई तोंड चालतंय न्हवं तुझं? मग विचार की गणपतराव मिस्त्रींना!" क्रांतीने डिवचलं आणि पूर्णिमा दार उघडून उतरलीसुद्धा.

मी एका जुन्या मोटारीच्या इंजिनातली तेल मोजायची पट्टी आहे. बारा वर्षांपूर्वी कारखान्यात माझ्या टोकाजवळ दोन खुणा पाडल्या. खालची कमीत कमी, वरची जास्तीत जास्त. तेलाची ओली रेघ त्यांच्या मधे दिसली की तेल पुरेसं आहे. एवढंच मला सांगता येतं.

माझे चांगले दिवस पूर्णिमाचे आजोबा कृष्णात आबा यांच्या हातांत सरले. दर रविवारी सकाळी, सपाट फरशीवर गाडी गार उभी असताना, ते मला बाहेर ओढत, जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसत, पुन्हा आत बुडवत आणि मगच वाचत. "बेस हाय," म्हणत. ते ऐकून मला पहिला नंबर आल्यासारखं वाटे! वर्ष भरलं की, गाडी कितीही कमी फिरलेली असो, ते तेल बदलून घेत.

आबा गेले आणि ते फडकंही गेलं. पूर्णिमाचे वडील वसंतराव वाईट माणूस नव्हेत. खंडेनवमीला ते गाडी धुऊन झेंडूचा हार घालत, चाकाखाली लिंबू ठेवत. बॉनेट मात्र सहसा उघडत नसत. गॅरेजवाल्याने तेल बदलायचा महिना आणि किलोमीटर लिहून काचेवर कागद चिकटवला होता. नेमका त्याच्यावरच त्यांनी 'जोतिबाच्या नावानं चांगभलं'चा स्टिकर लावला! भक्ती खरी होती, म्हणून मला रागही धरता येईना. तेल कमी दिसलं की वरून थोडं ओतायचं, झालं. वर म्हणायचे, "तेल बदलायला दहा हजार किलोमीटर कुठं झालीत? सहाच झालीत की!"

पण तेल बदलून अडीच वर्षं झाली होती. गाडी उचगावातल्या घरापासून बाजारापर्यंत जायची नि परतायची. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. आत ओल साठायची, तेल काळं आणि चिकट व्हायचं. इंजिनाची खरखर मी रोज ऐकत होते. पण ते सांगणारी खूण माझ्या अंगावर कुठे होती?

त्या शनिवारी मुलींच्या फुटबॉल मॅचवरून परतताना सिग्नलला गाडी थांबली आणि स्टिअरिंगपुढचा तेलाचा लाल दिवा लुकलुकला. "वायरिंग असंल," वसंतराव म्हणाले. "पट्टीवर तेल फुल्ल हाय, सकाळीच बघितलंय." दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन याच गाडीने जोतिबाचा घाट चढायचा होता. चाकात हवा भरायला त्यांनी गाडी गणपतरावांच्या गॅरेजसमोर लावली आणि ते पूर्णिमाच्या आईबरोबर समोरच्या दुकानात नारळ, गुलाल घ्यायला गेले. तेवढ्यात पूर्णिमाने तो प्रश्न विचारला.

"दम धर. तेल खाली उतरू दे," गणपतराव म्हणाले. दहा मिनिटांनी त्यांनी मला ओढलं, पुसलं, बुडवलं. रेघ अगदी वरच्या खुणेला.

"बघ, फुल्ल!" अदिती ओरडली. "तुझं पप्पाच बरोबर!"

गणपतराव हसले नाहीत. त्यांनी एक थेंब बोटांत चोळला, वास घेतला. दुसरा वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टेकवला. तो पसरलाच नाही, काळा गोळा होऊन बसला.

"पट्टी खोटं बोलत न्हाय, पोरी. तुम्ही तिला अर्धंच इचारलासा. किती हाय ते इचारलं. किती जुनं हाय ते कोण इचारायचं? दहा हजार न्हायतर एक वरीस, जे आधी भरंल ते. ह्या तेलावर घाट चढलासा तर इंजिन जाम हुईल."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझी बाजू पहिल्यांदा कुणीतरी मांडली. तुमच्या दारातल्या गाडीतही माझी एखादी बहीण असेल. तिला पुसून नीट वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका. तेल कधी बदललं ती तारीख शोधा. आणि लाल दिवा लागला तर त्याला गप्प बसवू नका.

 पूर्णिमाने गाडीला लावलेली किल्ली काढली आणि गणपतरावांच्या हातात दिली.

"अगं, पप्पा काय म्हणतील?" क्रांती कुजबुजली.

"म्हणू देत."

पिशवी घेऊन दोघे रस्ता ओलांडून आले. "चला, बसा गं पोरींनो," वसंतराव म्हणाले.

"पप्पा, आई, गाडी आज इथंच राहणार." पूर्णिमाने मान खाली घातली नाही. "तेल बदलल्याबिगर ती घाट चढणार न्हाय. उद्या जोतिबाला आपण एसटीनं जायचं."