तिसरं पाणी

नूतनने पेट्री डिश खिडकीतल्या उजेडात धरली. जिवाणूंच्या पिवळसर थरावर दोन चकत्या होत्या. चांदी भरलेल्या चकतीभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ कडं पडलं होतं. ते पडायलाच हवं होतं. साध्या चकतीभोवतीही पडलं होतं. ते पडायला नको होतं.

दोन्ही चकत्या एकाच दगडाच्या भुकटीतून दाबलेल्या. वेल्ह्याकडे विहीर खोदताना निघालेला पांढरा, सच्छिद्र झिओलाइट. पाण्यातला धातू शोषून धरणारा. त्याच्यात चांदी भरून जंतू मरावेत आणि माणसाच्या पेशी मात्र जगाव्यात, यासाठी नूतनची तीन वर्षं गेली होती. पेशींचा अहवाल पुण्याहून सकाळीच आला होता. चांदीच्या भुकटीत शंभरातल्या एकतीस पेशी जगल्या होत्या. साध्या भुकटीत चौऱ्याण्णव.

"म्हणजे आपला दगड चांदीशिवायच जंतू मारतो, पेशींना धक्का न लावता," तिचे मार्गदर्शक इंद्रजित सर म्हणाले. "पेपर आजच पाठव. चारपर्यंत मुदत आहे."

"नुसता दगड जंतू का मारेल, सर?"

"ते पुढच्या पेपरात."

नूतन मोरीपाशी गेली. प्रयोगशाळेत मदतीला असलेल्या धोंडाबाई बाटल्या घासत होत्या.

"मावशी, मागच्या आठवड्यात भुकट्या तुम्हीच धुतल्या ना? आधी कुठली?"

"चांदीची. मग साधी. नरसाळी वेगळी, कागद वेगळे. तुमी सांगितलं तस्संच."

"आणि पाणी?"

धोंडाबाई घासून झालेली बाटली पुन्हा घासू लागल्या.

"डिस्टिलचं पाणी थेंब थेंब पडतं, ताई. चांदीचं तिसरं पाणी तर निव्वळ नितळ व्हतं. आमच्या भोंगवलीत तिसरं पाणी कुणी फेकत न्हाई, त्यात दुसरं धुणं काढत्यात. म्या साधी त्यातच धुतली." त्यांनी नळ बंद केला. "सरांना सांगा खुशाल. पण माझं काम म्हैन्या-म्हैन्याच्या सहीवर हाय."

नूतन परत आली.

"पेपर नको, सर. साध्या भुकटीत चांदी गेलीय."

"कुणाच्या हातून?"

"धुणं माझ्या जबाबदारीत होतं."

सरांनी चष्मा काढला. "पुढची मुदत थेट वर्षानं आहे, नूतन."

"माहितेय. पण तेवढ्याशा चांदीनं जंतू मेले आणि पेशी वाचल्या, सर. मी भरत होते ती जास्त होती. आता साध्या भुकटीत गेली ती नेमकी किती, ते मोजायचंय."

सरांनी डिश उचलून उजेडात धरली. मग त्यांनी लॅपटॉप मिटला.

दुपारी चांदीची भुकटी पुन्हा धुतली गेली. तिसरं पाणी बाजूला ठेवून नूतनने धोंडाबाईंपुढे रेघांचं काचेचं भांडं ठेवलं.

"मागच्यासारखंच करायचंय, मावशी."

"परत तीच चूक?"

"तीच. पण मोजून. किती ओतलं होतं?"

"निम्म्याच्या वर."

नूतन ओतू लागली. पाणी सत्तरच्या रेघेवर गेलं तशी धोंडाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"थांबा की! एवढं कुठलं? लई झालं."

पदराला हात पुसून त्यांनी भांडं स्वतःकडे ओढलं, जरासं पाणी काढलं, रेघेला डोळा लावला, आणखी दोन थेंब काढले.

"हां," त्या म्हणाल्या. "आता लिवा."