मास्तरांचा पुढचा दात

एकाच घराला रस्त्याच्या बाजूने दोन दारं होती. डावीकडच्या दारात सासऱ्यांचं शिवणकाम चालायचं आणि उजवीकडच्या दारात सुनेचा दातांचा दवाखाना. मधली भिंत इतकी पातळ, की इकडे शिलाई मशीन खडखडलं की तिकडच्या पेशंटला ते आपल्याच दाढेत चाललंय असं वाटून घाम फुटायचा. सासऱ्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची आणि सुनेला डॉक्टरीणबाई. गिऱ्हाईकही बरंचसं एकच. माणसं डावीकडे पॅंट उंचीला कमी करायला टाकायची आणि ती होईस्तोवर उजवीकडे दाढ काढून घ्यायची.

अशा घरात मास्तरांचा पुढचा दात तुटला. तोही दोरा तोडताना. हाताशी कात्री असली तरी दोरा दातांनीच तोडायचा ही त्यांची उभ्या आयुष्याची खोड. त्या दाताला दोऱ्याने केव्हाचीच खाच पाडून ठेवली होती. त्या दिवशी कोटाच्या बटणाचा मेण लावलेला जाड दोरा होता, मास्तरांनी एक हिसडा दिला आणि दोऱ्याबरोबर अर्धा दातही आला. त्यांनी आधी बटण घट्ट बसलंय ना ते पाहिलं, मग दाताचा तुकडा शोधायला खाली वाकले.

सुनेला वाटलं, आता तरी येतील. ती या घरात आली तेव्हापासून मास्तर एकदाही तिच्या खुर्चीत बसले नव्हते. दात ठणकला की बाजारापलीकडच्या एका वयस्कर डॉक्टरांकडे जायचे, तेसुद्धा दवाखाना बंद व्हायच्या वेळेला. आता त्या डॉक्टरांनी काम थांबवलं होतं. तरी मास्तर उजवीकडच्या दाराकडे फिरकेनात. ओठ मिटून मशीनवर बसायचे आणि हसू आलंच तर खोकल्याचं सोंग करायचे.

गिऱ्हाईकं मात्र कुठली सोडतात? दातांच्या डॉक्टरणीच्या घरातच पडका दात, म्हणून जो तो तिची फिरकी घेऊ लागला. एका बाईंनी तर खुर्चीत बसता बसता काळजीच्या सुरात विचारलं, की मास्तर स्वतः येत नाहीत ते का बरं? सुनेने हसून काहीतरी उत्तर दिलं, पण तिच्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या. लोकांच्या बोलण्याचं तिला फारसं वाटत नसे. ज्या माणसाला ती मनापासून बाबा म्हणायची, त्याचा आपल्या हातावर काडीचा विश्वास नाही, हे तिला लागत होतं.

तिने आपल्या परीने कारण शोधून काढलं. बाबा पहिल्यापासून फार जपून राहणारे. त्यांचा पेला वेगळा, ताट वेगळं, टॉवेल वेगळा, आणि तो पेला दुसऱ्या कुणाला विसळूसुद्धा द्यायचे नाहीत. दवाखान्यात दहा तोंडांतली हत्यारं आपल्या तोंडात येणार, याचीच त्यांना किळस येत असणार. एकदा हे मनात पक्कं झाल्यावर तिला जरा बरं वाटलं, कारण स्वच्छतेच्या बाबतीत तिच्याशी कुणी वाद घालावा अशी कुणाची टाप नव्हती. दवाखान्यातल्या मदतनीस बाई तर म्हणायच्या, डॉक्टरीणबाईंना जमलं तर त्या पेशंटलाही उकळून घेतील.

एका दुपारी दोन्हीकडे सामसूम होती, तेव्हा ती सासऱ्यांना बोलावून घेऊन आली आणि सगळं दाखवायला लागली. वापरलेलं हत्यार आधी कसं घासून धुतात, मग कागदी पाकिटात बंद करून वाफेच्या यंत्रात कसं ठेवतात, वाफ नीट लागली की पाकिटावरच्या पट्टीचा रंग कसा बदलतो आणि ते पाकीट पेशंटच्या डोळ्यांदेखतच कसं फोडतात. हातमोजे दर माणसाला नवे. मास्तर हात मागे बांधून, नव्या कापडाचा पोत बघावा तसं एकेक बघत होते. मग हळूच म्हणाले, "आणि एखाद्याच्या रक्तातच काही रोग असला तर?"

सुनेला वाटलं, खरी भीती आता बाहेर पडली. ती घाईघाईने म्हणाली, "तुम्ही अजिबात काळजी करू नका, बाबा. तसा कुणी आला तर मी बरोब्बर ओळखते. हातसुद्धा लावत नाही."

मास्तर त्या यंत्रापासून एक पाऊल मागे सरकले. बरोबर आहे, जपायलाच हवं, असं म्हणून ते आपल्या दाराने निघून गेले. थोड्या वेळाने पलीकडे मशीन सुरू झालं. सुनेचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बाहेर जायचा सदरा इस्त्री करताना दिसले. शेजारी पिशवी भरून ठेवलेली. कुठे निघालात म्हणून विचारलं तर म्हणाले, जिल्ह्याच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन येतो, दाताचं तिथेच बघतो. आता मात्र सुनेचा धीर सुटला. दिवसभराची बस, अनोळखी डॉक्टर, लांबलचक रांग, हे सगळं चालतं, फक्त सून चालत नाही! तिने सरळ त्यांची पिशवी उचलून आपल्या हातात घेतली.

"बाबा, माझं काय चुकलं ते एकदा सांगा. कालचं सगळं बघूनही तुम्हाला माझी खात्री वाटत नाही?"

मास्तरांनी इस्त्री उभी करून ठेवली. म्हणाले, "अगं, तुझी खात्री आहे गं. माझीच नाही. माझ्या रक्तात काविळीचा विषाणू आहे, तो बी म्हणतात तो. तुझी सासू गेली त्यानंतर रक्तदानाला गेलो होतो, तेव्हा कळलं. मला त्रास काही नाही. वर्षातून एकदा तपासून येतो. पण तुला लागला तर? आणि तुझ्या पेशंटांना कळलं तर तुझ्या दवाखान्याची पायरी कोण चढेल?" मग ते म्हणाले, "त्या डॉक्टरांना ठाऊक होतं. ते मला सगळ्यात शेवटी घ्यायचे. मोठ्या हॉस्पिटलात अशांची वेगळी सोय असते म्हणतात."

काल आपण काय बोलून बसलो ते सुनेला शब्दन् शब्द आठवलं. हातसुद्धा लावत नाही. तेही कुणाला, तर ह्या माणसाला. तिला स्वतःचीच लाज वाटली. लग्नानंतर तिने घरातल्या सगळ्यांना याच काविळीची लस टोचली, त्या दिवशी मास्तर नेमके कापड आणायला गेले होते. नात त्यांच्या ताटातला घास मागायची आणि ते ताट उचलून उठायचे. आजोबा भारी शिष्ट, म्हणून सगळे हसायचे, तीही हसायची.

"काल मी खोटं बोलले," ती म्हणाली. "बढाई मारली. कुणाच्या रक्तात काय आहे ते तोंड बघून मला काय, कुणालाच ओळखता येत नाही. अर्ध्या लोकांना स्वतःचं स्वतःला माहीत नसतं. म्हणून तर प्रत्येकाला तो आजार आहे असंच धरून मी काम करते. हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच आहे, बाबा. इथे येणाऱ्या प्रत्येकाला मी तुमच्यासारखंच धरते. आणि मला कॉलेजात असतानाच लस दिलीय."

मग तिने त्यांना समजावलं, की हा आजार ताटाने, पेल्याने किंवा कुणाला जवळ घेतल्याने होत नाही, रक्ताने होतो. दाढीचं ब्लेड वेगळं ठेवता ते बरोबर, पण बाकीचं सगळं तुम्ही उगाच सोसलंत. घरात कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा, हेही सांगितलं. मास्तरांनी डोळ्यांवरून हात फिरवला, सदऱ्याची घडी मोडली आणि पुन्हा तशीच घातली. मग म्हणाले, "बरं तर, संध्याकाळी येतो. सगळे गेल्यावर."

"संध्याकाळी नाही. उद्या सकाळी, पहिले."

रविवारची सकाळ म्हणजे दवाखान्यात बसायला जागा नसायची. मास्तर सगळ्यांच्या देखत आत आले तेव्हा बाकावरची मंडळी सरसावून बसली आणि अखेर आलात म्हणून कुणीतरी चेष्टाही केली. सुनेने पाकीट फोडलं, हातमोजे चढवले, हिरडीत बधिरतेचं इंजेक्शन दिलं आणि बोलत बोलत मुळातली नस साफ केली. मग कायमच्या टोपीसाठी दाताचं माप घेतलं. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या माणसाने आपलं माप देताना खुर्चीत अगदी ताठ बसून राहावं, याचं तिला हसू आलं. रंगाच्या नमुन्यांची पट्टी दाताशी धरली तेव्हा मास्तरांनी बोटाने खुणावून एक पिवळसर छटा सुचवली, आणि तीच बरोबर जुळत होती. तात्पुरती टोपी बसवून झाली आणि तिने समोर आरसा धरला.

मास्तर आरशात बघून हसले, खोकला न आणता. पण लगेच उठायची घाई करू लागले. खिशातून रुमाल काढून खुर्चीचा हात स्वतःच पुसायला लागले. मदतनीस बाईंनी त्यांना बाजूला केलं, हत्यारं धुवायला नेली, खुर्ची औषधाने पुसली आणि नवं आवरण घातलं. प्रत्येक पेशंटनंतर त्या हेच करायच्या, मास्तरांसाठी त्यांनी काही कमी केलं नाही की जास्त.

सुनेने हात धुतले, नवे हातमोजे घातले, दुसरं पाकीट काढलं आणि घराच्या आतल्या दाराकडे तोंड करून आपल्या मुलीला हाक मारली. तिच्या एका दुधाच्या दाढेला बारीकशी कीड लागली होती. ती कुठल्याही दिवशी भरता आली असती.

मास्तरांचा चेहरा उतरला. बधिर ओठांनी ते कसेबसे म्हणाले, "आत्ता? याच खुर्चीत? माझ्यानंतर?"

"हो बाबा. तुमच्यानंतरच."

नात टुणकन खुर्चीत चढली, पण डोक्यावर दिवा लागताच घाबरली आणि तिने आजोबांकडे हात पुढे केला. मास्तर तोवर दारापर्यंत पोचले होते. ते तिथेच थांबले, सुनेकडे बघितलं, मग परत फिरले, स्टूल ओढून खुर्चीला लागून बसले आणि नातीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन, दाढ भरून होईपर्यंत धरून राहिले.