कागदावर चालू

रीनाला कळा सुरू झाल्या तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. डिसेंबरचा दुसरा आठवडा, उन्हात बसलं तरी शाल लागावी अशी थंडी. तिची सासू शेवंताबाई धापा टाकत रूपालीच्या दारात आली, आणि रूपालीनं निवडायला घेतलेले तांदूळ तसेच टाकून दोघींना उपकेंद्रात नेलं.

रूपाली भालवाटोलीची आशा कार्यकर्ती. बालाघाट जिल्ह्यातल्या राजेगावपासून आत पाच किलोमीटरवरच्या या टोलीत ती नऊ वर्षं घरोघर एकच गोष्ट सांगत फिरत होती. घरी बाळंत होऊ नका, उपकेंद्रात चला. तिथं नर्सबाई आहे, औषध आहे, मशीन आहे.

मशीन खरंच होतं. अशक्त बाळाला ऊब देणारं वॉर्मर, वर तापणारी कांडी, खाली छोटी गादी. ऑगस्टमध्ये आलं तेव्हा गाडीवाल्यानं ते कोपऱ्यात उभं केलं, रूपालीकडून सही घेतली आणि तो गेला. त्याचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. टोलीचा ट्रान्सफॉर्मर जुलैमध्येच जळाला होता. नवीन आला नव्हता.

वीज मात्र टोलीच्या डोक्यावरूनच जात होती. डांबरी रस्त्यावर दोन वर्षांपूर्वी राइस मिल उभी राहिली, तिच्यासाठी वेगळी लाईन ओढली गेली. टोलीच्या शेतांत खांब रोवले आणि अकरा दिवसांत काम संपवलं. मिलचा ट्रान्सफॉर्मर वेगळा, लाईन वेगळी. तिच्यातून टोलीला एक बल्ब मिळणार नव्हता.

चार वाजता रीनाला मुलगी झाली. दिवस पुरे भरले नव्हते. रचना सिस्टरनं काट्यावर ठेवून पाहिलं, दीड किलोच्या जरा वर. रडली, पण मांजराच्या पिल्लासारखी.

"इसको गरम रखना है," रचना सिस्टर म्हणाली. ती सिवनीकडची, मराठी समजायची पण बोलायची हिंदीच. "रूपाली, बस गरम रखो."

आईच्या छातीशी धरायला हवं होतं, पण रीनाचं रक्त थांबत नव्हतं, ती अर्धवट शुद्धीत होती. मग शेवंताबाईनं चोळीची बटणं काढली, नातीला उघड्या छातीशी धरलं आणि वरून दोन शाली आणि एक गोधडी ओढली. सत्तरीची बाई, तिच्याच अंगात किती ऊब असणार? रूपालीनं अॅम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी दुसरा पेशंट घेऊन बालाघाटला गेली होती, यायला दोन तास लागतील म्हणाले. रूपालीचा नवरा महागू ट्रॅक्टर काढायला तयार होता, पण उघड्या ट्रॉलीत त्या वाऱ्यात एवढ्याशा जिवाला न्यायचं कसं? सिस्टर नको म्हणाली.

सव्वासहाला शेवंताबाई म्हणाली, "सिस्टर, हिचे पाय पाहा वं. गारच होऊन राह्यले."

सिस्टरनं पाहिलं. नाडी चाचपली, आणि गोधडीचं टोक बाळाच्या तोंडावर ओढलं.

अॅम्ब्युलन्स सात वाजता आली. त्यात रीनाला नेलं, आणि ती वाचली.

रूपाली मागच्या दारी बादलीत चादरी बुडवत होती. मिलकडून एकसारखा घुमल्यासारखा आवाज येत होता. रोजच यायचा, पण आज तो तिच्या कानात शिरला.

"सिस्टर, ते काय वाजून राह्यलं?"

"ड्रायर है. धान सुखाते हैं ना, गरम हवा से."

रूपालीच्या हातातली चादर तशीच राहिली. धान गरम करून राह्यले. अर्ध्या किलोमीटरवर धान गरम करून राह्यले, आणि इथं...

पुढचे चार दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. भाकरी थापतानाही दात आवळलेले. ट्रान्सफॉर्मरसाठी जुलैपासून तिनं बिजली ऑफिसात पाच अर्ज दिले होते. प्रत्येकाची पोच तिच्या ट्रंकेत होती. शिक्का, तारीख, सही. तिनं पाचही कागद काढून महागूपुढे टाकले.

"आता सहावा नाई देणार मी."

"मग काय करतं?"

"मशीन नेते. त्यांच्या हापिसात."

महागूनं तिच्याकडे पाहिलं. तिचं हे तोंड त्याला माहीत होतं. "ट्रॅक्टर धुऊन घेतो," एवढंच म्हणाला.

सोमवारी सकाळी रूपाली उपकेंद्राची किल्ली मागायला गेली. रचना सिस्टरनं कारण विचारलं नाही. "मैं टीके के काम से जा रही हूँ," असं लसीकरणाचं निमित्त सांगून म्हणाली, किल्ली टेबलावर ठेवली आणि स्कूटी काढून निघून गेली. चौघांनी मिळून वॉर्मर ट्रॉलीत चढवलं, गाद्या लावून दोरीनं बांधलं. शेवंताबाई न सांगता येऊन ट्रॉलीत बसली. तिच्यामागून टोलीतल्या आणखी अकरा बायका चढल्या.

बालाघाटातल्या बिजली ऑफिसात गुणाकर साहेब नुकतेच येऊन बसले होते. शहरातल्या जुन्या मराठी घरातले, वडीलही सरकारी नोकरीतच होते. रूपालीला त्यांचा फार आधार वाटला होता पहिल्या अर्जाच्या वेळी. आपल्या भाषेतला माणूस आहे, ऐकेल. त्यांनी पाचही वेळा ऐकलं होतं. चहासुद्धा पाजला होता एकदा.

दारातून मशीन आत येताना पाहून ते उभेच राहिले. "ताई, हे काय आणलंत?"

"वॉर्मर हाय, साहेब. आमच्या गावात चालत नाई, म्हणून इथं लावाले आणलं."

"इथं? हे ऑफिस आहे."

"हौ. पण लाईट हाय ना इथं."

तिची नजर प्लग शोधत होती. साहेबांच्या टेबलाखाली हीटर होता, लाल झालेला, त्यांच्या पायांकडे तोंड केलेला. रूपाली वाकली, हीटरचा प्लग उपटला आणि त्या जागी वॉर्मरचा खुपसला. मग सगळ्यांसमोर तिनं मशीनवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं आणि बटण दाबलं. वरची कांडी हळूहळू लाल झाली.

शेवंताबाई पुढे आली. तिनं दोन्ही हात त्या गादीवर ठेवले, तळवे वर करून. थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"एवढं गरम होते का हे?" ती म्हणाली.

शेवंताबाईनं हात काढले नाहीत. तिच्या डोळ्यांतून पाणी त्या कोऱ्या गादीवर पडत राहिलं.

"हे पाहा," गुणाकर साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "जे झालं ते वाईट झालं. पण ही शासकीय वस्तू आहे. परवानगीशिवाय उचलून आणणं गुन्हा आहे. तुमची नोकरी जाईल, ताई."

"वस्तू उचलली ते बरं दिसलं तुमाले! पोरगी उचलून पुरली आम्ही, ते नाई दिसलं?" रूपालीचा आवाज आता बाहेरच्या खोल्यांत जात होता. तिथले कारकून दारात गोळा झाले. "अर्ज दिले मी. पाच. तुमीच शिक्के मारले. सांगा, काय झालं त्याचं?"

साहेबांनी कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी स्क्रीन थोडी वळवून घ्यायचा प्रयत्न केला, पण रूपाली टेबलाला वळसा घालून पोचली होती. हिंदी तिला चांगलं वाचता येत होतं. भालवाटोली, ट्रान्सफॉर्मर बदला गया, उन्नीस सितंबर. शिकायत का निराकरण. आपूर्ति चालू, म्हणजे वीजपुरवठा सुरू.

"चालू?" ती म्हणाली. "कोठी चालू हाय?"

"महिन्याच्या शेवटी वरून यादी मागतात. प्रलंबित तक्रारी दिसल्या की..." साहेब थांबले. "कुणीतरी बंद केली असेल. बदलायचा होताच, म्हणून आधी..."

"म्हणजे आमची लाईट तुमच्या टीव्हीवर चालू हाय. मिलची लाईन अकरा दिवसांत आली, साहेब. आमच्या वावरातून नेली. त्यांच्या धानाले ऊब पाह्यजे, तुमच्या पायाले ऊब पाह्यजे. आमच्या पोरीले काहून नको?"

"मिलचा लोड वेगळा असतो, नियम..."

"नियम सांगू नका आता!"

ती खाली बसली, वॉर्मरच्या शेजारी, फरशीवर. बाकीच्या बायकाही बसल्या. "हे मशीन इथंच राहीन. आमच्या टोलीत आणखी दोघी गरवार हायेत. इथंच आणते त्याइले. तुमच्या टेबलापाशी होऊ द्या बाळंतपणं."

पोलीस आले, बोलून गेले. कुणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दुपारपर्यंत जिल्हाभर फिरला. चार वाजता वरून फोन आला आणि गुणाकर साहेबांनी कागदावर लिहून दिलं, दोन दिवसांत ट्रान्सफॉर्मर. तो कागद घेऊनच बायकांनी मशीन परत ट्रॉलीत चढवलं.

आणि खरंच, बुधवारी दुपारी तो आला. प्रीतम लाईनमननं खांबावर चढून तारा जोडल्या. उपकेंद्रातला पंखा डिसेंबरमध्ये गरगर फिरायला लागला आणि पोरं नाचली. रूपालीनं प्रीतमला पाणी दिलं. तो पाणी पिऊन तिच्याकडे न पाहता म्हणाला, "ताई, एक सांगू का? हा नवा नोहे."

"मंग?"

"डोंगरटोलीचा हाय. सकाळी तिथून उतरवला. गोदामात शिल्लक नाई म्हणाले. साहेब म्हणाले, तिकडं उपकेंद्र नाई, ओरडणारं कोणी नाई."

रूपालीला वाटलं कुणी थोबाडीत मारली. डोंगरटोली तीन किलोमीटरवर, वीस घरांची. तिथल्या बायकांनाही तीच उपकेंद्रात आणायची.

दुसऱ्या दिवशी ती तिथं गेली. चावडीपाशी म्हातारा चैतराम बसला होता. त्यानं तिला ओळखलं आणि तोंड फिरवलं. हातपंपावरच्या बायांपैकी एकीनं हंडा आपटला. "आली पाहा लाईटवाली! आमचा मोटरपंप बंद करून आली."

"मले माहीत नव्हतं वं."

"आता झालं ना माहीत? मंग दे वापस."

रूपालीनं त्या बाईकडे पाहिलं. वापस म्हणजे पुन्हा भालवाटोली अंधारात. त्या दोघी गरवार बाया अंधारात. साहेबांनी एकच तुकडा फेकला होता, आणि दोन गावं त्यावर भांडायला मोकळी सोडली होती.

"वापस नाई देणार," ती म्हणाली. "तुमाले तुमचा आणू. मी येते तुमच्यासंगं. आमच्या सगळ्या येतीन. आज शिव्या देऊन घ्या मले, सोमवारी ट्रॉली घेऊन येते."

सोमवारी बिजली ऑफिसात बसायला फक्त पाच जणी आल्या. गुरुवारी सोळा. रूपालीला कारणे दाखवा नोटीस आली, दोन महिन्यांचं मानधन थांबलं. गुणाकर साहेबांनी टेबलाखालचा हीटर उचलून ठेवला होता. ते आता चहा विचारत नव्हते. बायका रोज त्यांच्या दारात बसत आणि ते मागच्या दारानं जात. भालवाटोलीतल्या काही घरांनी रूपालीला सांगितलं, आपलं काम झालं ना, आता कशाला? त्या घरांसमोरून जाताना ती बोलेनाशी झाली.

बसायला लागल्यापासून सतराव्या दिवशी डोंगरटोलीला ट्रान्सफॉर्मर मिळाला. कोरा, कारखान्याचा रंग असलेला. चैतरामनं त्याला हळद-कुंकू लावलं. म्हणजे गोदामात होता की नव्हता, हे रूपालीनं विचारलं. कुणी सांगितलं नाही.

संध्याकाळी ती रीनाकडे गेली. रीना ओसरीवर बसून वाल सोलत होती, अजून फिकट, गालाची हाडं वर आलेली. रूपालीनं तिला डोंगरटोलीचं सांगितलं. रीना ऐकत राहिली.

"ताई," ती शेवटी म्हणाली, "सतरा दिवसांत झालं. आमचं तं दोन दिवसांत झालं."

"हौ."

"मंग जुलैमधेच काहून नाई गेलो आपण?"

रूपालीनं तोंड उघडलं. अर्ज दिले होते म्हणायचं होतं, पाच दिले होते, रांगेत उभं राहून, शिक्का घेऊन. ते शब्द तिच्या जिभेवर आले आणि तिला त्यांचीच चीड आली. रीना रागानं विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

रूपाली ओसरीवर टेकली. समोरच्या सुपातून तिनं मूठभर शेंगा उचलल्या आणि सोलायला लागली.